आजपासून मालिका बंद

२ जून, सोमवार
आजपासून मालिका बंद. कायमची. थोरल्या सुनेची स्मरणशक्ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा! एका बाईची जाऊन जाऊन किती वेळा जाणार? वर तिला रडताना इतकं जवळून दाखवतात की पुढच्या चार दातांना कॅप बसवल्यात हे मला बसल्या जागी दिसतं. काम बरं आहे, पण शेड जरा जास्तच पांढरी. उभा जन्म दुसऱ्यांच्या कवळ्या बनवण्यात गेला, आपल्याला कोण फसवणार.

मला स्वतःला मालिकांचा तिटकारा आहे. बघतो ते पोरीसाठी. परगावी एकटी राहते, नोकरी करते, खोलीवर परतली की विरंगुळा म्हणून एवढंच. मालिका संपली की नऊला मी फोन लावतो आणि आम्ही बापलेक त्या घराण्याचं पोस्टमॉर्टेम करतो. पोरीला या फोनचा फार आधार आहे. अशा वेळी मालिका बंद करणं म्हणजे क्रूरपणा.

रात्री ९.२० : निर्णय पुढे ढकलला.

५ जून, गुरुवार
फोन लवकर आटोपला. मी थोरल्या सुनेवर तोंडसुख घेतोय आणि पोरगी नुसती हो ना बाबा, कमालच आहे बाबा. मग म्हणाली, ठेवू का. नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार. नाहीतर दमली असेल. की माझंच बोलणं पाणचट होत चाललंय?

संकल्प: उद्यापासून मालिका बघताना मुद्दे लिहून घ्यायचे.

बायको म्हणाली, शाळेत एवढं केलं असतंत तर आज स्वतःचा दवाखाना असता. हिला काय कळतंय. जाहिराती लागल्या रे लागल्या की मोबाइलमध्ये डोकं खुपसून बहिणीशी चॅटिंग. मालिकेवर चर्चा करावी, तर ते नाही.

९ जून, सोमवार
लॅबमध्ये राडा. आम्हाला काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. रिटायर्ड हेडमास्तरांची जी कवळी मी करून पाठवली, ती घातल्यापासून ते म्हणे नव्या नवरीसारखे हसतात. नातवंडं घरभर लोळतायत. मेणात दात लावताना माझ्या डोक्यात थोरली सून होती, हे मान्य. तशीच नाजूक, गोलसर ओळ लागली. मी म्हणालो, मास्तरांना शोभत असेल. बाईंनी फोन आपटला. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या लॅबला, असं त्या आपटण्याआधी म्हणाल्या होत्या.

संकल्प: कामाच्या वेळी फक्त काम.

संध्याकाळी त्याहून वाईट. सासू जिना उतरतेय, खाली सून उभी आहे, तिला सगळं आठवल्यासारखं दिसतंय, आणि लाइट गेले! बायकोच्या मोबाइलवर बघावं, तर त्याचीही बॅटरी मेलेली. मला घाम फुटला. पोरीला सांगायचं काय? फोन न करून कसं चालेल, ती वाट बघत असणार. शेवटी अंदाजानं ठोकून दिलं, की सुनेनं सासूला सणसणीत चपराक लगावली, बघितलंस ना! पोरगी म्हणाली, हो ना बाबा, मी तर टाळ्याच वाजवल्या.

हुश्श. अंदाज अचूक. मी खरं म्हणजे लेखकच व्हायचा. अंधारात बायको एक शब्द बोलली नाही. थक्क झाली असावी.

१० जून, मंगळवार
सकाळी तोच भाग पुन्हा दाखवला. चपराक नाही. सासू जिना उतरली, म्हणाली चहा टाक. सुनेनं टाकला. संपला भाग.

पण पोरीनं तर चपराक बघितली! म्हणजे सकाळच्या भागातून कापली, दुसरं काय. चॅनेलला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, सर, असा सीनच नाहीये. मी म्हणालो, माझ्या लेकीनं बघितलाय, टाळ्या वाजवल्यात तिनं, ती काय बापाशी खोटं बोलेल? त्यावर ती म्हणाली, तक्रार नोंदवून घेते. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मग मोबाइल चार्जिंगला लावायला आत गेली. मी तक्रारीचा नंबर दोनदा गिरवून लिहिला. रागानं.

१२ जून, गुरुवार
सत्यानाश. मालिका शनिवारी संपतेय.

नऊला बोलायचं काय? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही, दोन साचे हातातून पडले. गाण्याची स्पर्धा सुचवली, पोरगी म्हणाली, बघू बाबा. मारामारीचे जुने सिनेमे सुचवले, बघू बाबा. प्राण्यांचा चॅनेल मी स्वतः लावून पाहिला. मगरीचे दात उत्तम, पण तेवढ्यावर किती बोलणार?

बायको म्हणाली, अहो, सरळ विचारा ना तिला, जेवलीस का, कशी आहेस. हिचं डोकं फिरलंय. असं एकदम कसं विचारायचं? घाबरेल पोरगी. आजवर मी कधी विचारलंय?

१४ जून, शनिवार
सगळ्यांना सगळं आठवलं, सासूनं किल्ल्या दिल्या, संपलं एकदाचं. फोन केला. मुद्दे संपल्यावर विचारलं, मग आता कुठली घ्यायची?

पोरगी म्हणाली, बाबा, रागावू नका, मी कितीतरी महिन्यांत बघितलेलीच नाही. वेळ नसतो. खोलीवर टीव्हीसुद्धा नाही. आई जाहिरातींच्या वेळात मेसेज करून सांगायची काय झालं ते. तुम्हाला एवढी आवडते, म्हटलं हिरमोड नको.

मी बायकोकडे पाहिलं. ती भांडी आवरायला उठली. म्हणजे चॅटिंगला बहीण नव्हतीच. चपराकही नव्हती.

मी म्हणालो, मला कुठे आवडत होती, तुझ्यासाठी बघत होतो. पोरगी हसली. मीही हसलो. फार बरं वाटलं. मग दोघंही थांबलो ते थांबलोच. ती म्हणाली, ठेवू? मी म्हणालो, ठेव. जेवण गेलं नाही.

१५ जून, रविवार
संकल्प: आज साधं बोलायचं. माणसासारखं. दुपारभर आरशासमोर तयारी केली. बायको दोनदा डोकावून गेली.

नऊला फोन लावला. पोरीनं हॅलो म्हटलं. मी विचारलं, जेवलीस का?

पोरगी ओरडलीच. बाबा, काय झालं? आई बरी आहे ना? मी म्हणालो, सगळं ठीक आहे, सहज विचारलं. सहज? तुम्ही? खरं सांगा, छातीत दुखतंय का? आईला द्या फोन आधी.

दिला. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज बराच वेळ येत होता. नाही गं, ठणठणीत आहेत. नाही, खरंच नुसतं विचारलं. नाही, दुसरं काही नाही म्हणाले.

मी बंद टीव्हीसमोर बसून होतो. फार एकटं वाटलं.

उद्यापासून साडेआठला नवी मालिका आहे. झलक बघितली, नायिकेचे दात खरे वाटतात. मला बघायची बिलकूल इच्छा नाही. पोरीसाठी बघावी लागेल. बायकोला सांगून ठेवलंय, मोबाइल चार्ज करून बस.