युनिफॉर्म आणि उजवा बूट

तीर्थरूप कुसुमताई,

तुझ्या धाकट्या दौलतचा नमस्कार. वाकून केला असं समज (वाकलो तर उठवायला कोणी नाही). ओतूरला सगळे बरे ना? तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र.

मी इथे एकदम मजेत. तरी खालच्या मजल्यावरची पद्मजा हात धुऊन मागे लागली आहे. म्हणे, काका, तुम्ही स्वतःकडे बघतच नाही! रोज कंपनीचाच युनिफॉर्म घालतो, हा माझा पहिला गुन्हा. अगं, जन्मभर तोच घातला, तेव्हा कोणी ब्र काढला नाही. आता रिटायर झाल्यावर त्याला वास यायला लागला होय? (येतो थोडा.) दाढी माझी वाढली, हिच्या का पोटात दुखतं? आणि डायबेटिसच्या गोळ्या घेत नाही म्हणते. तुझी भावजय हातावर ठेवायची, मी गिळायचो. रुक्मिणी गेल्यापासून हातावर काही येतच नाही, तर गिळू काय?

सोमवारचं ऐक. सकाळी दुधाला म्हणून पिशवी घेऊन नाक्यावर उभा होतो, तर समोर कंपनीची बस थांबली. अंगात युनिफॉर्म, पायात सेफ्टी शूज, चढलोच की! पोरांनी खिडकीची जागा दिली, माझा डोळा लागला, तो थेट चाकणला उघडला. गेटवर वॉचमनने आयकार्ड मागितलं, मी दुधाची पिशवी दाखवली. माणूस भला निघाला. साहेबांना विचारून त्याने मला कँटीनमध्ये बसवलं. गरम वरण-भात! वाढणारा म्हणाला, "सावकाश काका, अजून आहे." ताई, मला रडूच फुटलं. वरणात मीठ कमी होतं, तरी तीनदा घेतलं. घरी एकट्यासाठी कुकर लावावासाच वाटत नाही बघ. मग त्यांनी गाडीने घरी सोडलं आणि पद्मजाला बोलायला आयतंच निमित्त मिळालं.

तर माझी काळजी करू नकोस.

तुझा,
दौलत

ता. क. उजवा बूट सोमवारपासून काढलेला नाही. आत ओलं लागतंय, दुखत मात्र नाही. पद्मजाला बोललो नाही. तू चार दिवस येतेस का?

ता. क. (पद्मजाकडून) ताई, काकांनी हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट न चिकटवता. त्यांच्यासमोरच वाचलं. त्यांनी नुसता पाय पुढे केला. बूट काढला तर बोट चिघळलेलं, दवाखान्यात दाखल केलंय. बोट वाचेल म्हणतात डॉक्टर. इथला युनिफॉर्म त्यांना पसंत आहे. गोळ्या मी हातावर ठेवते, ते गिळतात. फक्त वरणात मीठ कमी म्हणून सिस्टरशी भांडतात. तुम्ही या.