उजवी कळी

रत्नागिरी, ता. ९ डिसेंबर १९३३

चि. भिकाजीस गोदाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असे रीत म्हणून लिहिते, पण ते खरे नाही. महिनाभर मोरीत मुंग्या लागत होत्या आणि मी वेडी राख टाकत बसले. शेवटी इकडची स्वारी डॉक्टरांकडे जाऊन आली. लघवीतून साखर जाते, गोड अगदी बंद करा, भातही बेताने खा, असे त्यांनी सांगितले.

आमचा धंदा कोकम-सुपारीचा, तुला ठाऊकच आहे. खेड्यापाड्यांत हिंडायचे, ओटीवर टेकले की पुढे गूळपाणी येणारच. नको म्हटले की शेट रुसले असा अर्थ होतो. पहिल्या आठवड्यात इकडून खरेच नको म्हणणे झाले, तर एका म्हातारीने माझे काय चुकले म्हणून डोळ्याला पदर लावला. घरी जेवणावरही लक्ष नाही. इकडचे ते उतरलेले तोंड मला बघवेना.

म्हणून मी देवीला नवस बोलले, की यांच्या वाटणीचे गोड मी सोडते, पण यांना बरे ठेव. विठू गुरवाने कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवल्या, त्यांतली उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. तेव्हापासून मी गोडाला शिवत नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा घेते. इकडचे मात्र थोडेथोडे चालू आहे. थट्टेने म्हणणे होते, की बायकोचे अर्धे पुण्य नवऱ्याला मिळते तर अर्धे पथ्य का मिळू नये.

विमलाला दिवस गेले आहेत, तिला जड उचलू देऊ नकोस. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी ताई,
गोदा

मुंबई, ता. २० डिसेंबर १९३३

ती. सौ. ताईस भिकाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचले आणि कपाळावर हात मारला. अगो, ताप एकाला आणि काढा दुसऱ्याने प्यायचा, हा कुठला न्याय? गिरगावात ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांना विचारून आलो. ते म्हणाले, बायकोने साखर सोडली तर फार तर बायको बारीक होईल. या दुखण्यात पायाला जखम झाली तर ती लवकर भरत नाही, तेव्हा अनवाणी हिंडू नये, असेही त्यांनी बजावले.

भावोजी व्यापारात मुरलेले, पण तोटा तुझा आणि नफा त्यांचा असा सौदा त्यांनी आजवर केला नसेल. त्यांना म्हणावे, मेहुण्याचा राग आला तरी चालेल, पण गूळ सोडा. विमला बरी आहे. तिला चिंचेचे डोहाळे लागले आहेत, पुढच्या बोटीने थोडी पाठव.

भावावर रागावू नये ही विनंती.

तुझा,
भिकाजी

रत्नागिरी, ता. १४ सप्टेंबर १९३४

चि. भिकाजीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पावसाळ्यात बोट बंद, तुला येता आले नसते, म्हणून तुला आधी कळवून जिवाला घोर लावला नाही. श्रावणात कातळाच्या सड्यावरून येताना इकडच्या उजव्या पायाला जांभ्याची कपची लागली. एवढीशी जखम, पण हळद दाबली, मलम लावले, काही केल्या भरेना. बोटे काळी पडली. इस्पितळात नेले, तिथे दोन बोटे काढावी लागली. आता घरी आणले आहे. पाय राहील की नाही ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

मी देवळात जाऊन देवीशी भांडले. मी चिमूटभरसुद्धा गोड तोंडात घातले नाही, मग हे का, म्हणून विचारले. विठू गुरव समई पुसत होता. तो खाली मान घालून म्हणाला, की वहिनी, नवस घेशील का असे तुम्ही विचारलेत, तो देवीने घेतला. शेटनी खाल्ले तर चालेल का, हे तुम्ही विचारलेच नाहीत.

मी विचारले नाही, कारण मला भीती वाटली. डावी कळी पडली असती तर? मग यांच्या पानातला गूळ मला काढावा लागला असता. तो मला काढायचा नव्हता. रोज मीच वाढला, भिकाजी, आणि वर माझा उपास म्हणून मिरवले. तू लिहिले होतेस तरी ऐकले नाही. कुणाला तोंड दाखवू?

तुझी अपराधी,
गोदाताई

मुंबई, ता. २२ सप्टेंबर १९३४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुला रागावून लिहावे म्हणून बसलो, पण लेखणी चालेना. बोट बंद व्हायच्या आधी बाळाच्या बारशाला तुम्ही दोघे आलात, तेव्हा भावोजींच्या पानात जिलबी मीच वाढली. तू डोळ्यांनी खुणावत होतीस, आणि मी मात्र भाच्याच्या बारशाला एकीने काय होते म्हणून आणखी दोन घातल्या. भावोजींचे पान गोडाविना कसे ठेवायचे, लोक काय म्हणतील, एवढेच मनात होते. तेव्हा तू एकटीनेच सगळे अंगावर घेऊ नकोस. दिवाळीच्या आत रजा काढून येतो.

तुझा,
भिकाजी

रत्नागिरी, ता. ६ ऑक्टोबर १९३४

रा. रा. भिकाजीराव यांस गंगारामाचे सप्रेम नमस्कार. वि. वि.

पाय वाचला. डॉक्टरांनी काल तसे सांगितले. मात्र हे पत्र त्यासाठी नाही.

तुमची ताई माझ्या पायाशी बसून असते आणि स्वतःला बोल लावते. ते मला आता ऐकवत नाही. तिने नवस केला हे खरे, पण देवीला एकदा विचारून तर बघ, हे मीच सहज बोललो होतो. पायाला जपा, असे इथल्या डॉक्टरांनीही मला पहिल्याच दिवशी बजावले होते. ते मी घरी सांगितलेच नाही. तिचा उपास चालू होता, म्हणून मला निर्धास्त खाता आले. ती बिनसाखरेचा चहा प्यायची आणि मी समोर गुळाचा खडा चघळायचो. लाज नाही वाटली.

आता मी सोडले आहे. परवा सुपारी घालणारे एक कूळ भेटायला आले, त्याने आपल्या घरचा गूळ पुढे केला. मी हात जोडले. तो बरे म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. एवढेच करायचे होते हो.

तिला हे सांगायचा धीर मला होत नाही. तुम्ही पत्रातून सांगाल का? आमच्यावरचे मन उडू देऊ नये.

आपला,
गंगाराम

रत्नागिरी, ता. २५ ऑक्टोबर १९३४

चि. भिकाजीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ज्याचे त्याने सांगावे, असे तू यांना लिहिलेस ते बरे केलेस. गेल्या आठवड्यात सोमवारी इकडून सारे सांगणे झाले. मी उठले. पायाची पट्टी बदलली, भाकरी वाढली. तीन दिवस तेवढेच केले.

चौथ्या दिवशी तांदळाच्या कण्या भाजल्या, नारळ खवला आणि गूळ घालून खांडवी केली. ताट घेऊन यांच्या खाटेसमोर बसले आणि एकटीने खाल्ली, शेवटच्या वडीपर्यंत. नवस मोडला, त्याचे देवीसमोर काय ते बघेन. इकडून एक घास मागणे झाले नाही, की मान फिरवणे झाले नाही. नुसते बघत बसणे झाले, डोळ्यांतून पाणी वाहत होते.

मला वाटले होते, घास घशाखाली उतरायचा नाही. तसे झाले नाही रे. ती खांडवी मला फार गोड लागली. पाण्याने भरलेले ते डोळे समोर होते, तरी गोड लागली. तेव्हापासून मला झोप नाही.

लवकर ये. विमलाला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

तुझी ताई,
गोदा