लॉसलेस

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून घरातल्या आवाजाचा प्रश्न कायमचा निकाली काढणार.
गेलं वर्षभर ॲपवरच्या गाण्यांतून वरचे सूर कोणीतरी चोरतंय. डग्गा येतो, ढोलकी येते. सतारीची तार बोथट. लावणीत बाई नाचतेय की नुसती उभी आहे तेच कळत नाही, कारण घुंगरू नाहीत. लोकांच्या हे लक्षात येत नाही. लोकांचे कान तयार नसतात. माझे आहेत. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये एवढी वर्षं काढलीत, नुसत्या दणक्यावरून डाय, म्हणजे प्रेसचा साचा, नीट बसलीय का ते सांगतो. म्हणून तर मी कानात प्लग घालत नाही. बाकीच्यांनी घालावेत. सुपरव्हायझर या नात्याने मीच त्यांच्यावर ओरडतो.
निदान: ॲपवाले साध्या प्लॅनमध्ये पाणी घातलेलं दूध देतात. उपाय: लॉसलेस प्लॅन, म्हणजे स्टुडिओत जसं रेकॉर्ड झालं तसंच्या तसं. घेतला.

५ नोव्हेंबर, बुधवार. फर्स्ट शिफ्ट.
लॉसलेस चालू आहे. स्क्रीनवर तसं लिहून येतं. घुंगरू नाहीत.
रणजीत, म्हणजे आमच्या लाइनचा मेंटेनन्सवाला आणि ऑडिओच्या बाबतीत माझा चेला, म्हणाला, राव, तुम्ही ब्लूटूथवरून ऐकताय, मग कसलं आलंय लॉसलेस? ते सगळं पिळून पाठवतं. मला माहीत होतंच. त्याला माहीत आहे का ते बघत होतो.
डीएसी मागवला. मोबाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी. मोबाइलमध्ये एक फुकट असते, पण ती खेळण्यातली.
कंपनीत नोटीस लागलीय. याच महिन्यात सगळ्या प्रेस शॉपची कानतपासणी. मागच्या वेळी मला नेमकं अर्जंट काम निघालं होतं. त्याच्या मागच्या वेळीही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी.
डीएसी आला. जोडला. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. डाव्या स्पीकरच्या जागी आईचा पलंग येत होता, तो आतल्या खोलीत सरकवला. आई म्हणाली, व्हय, सरकव बाबा, मला कुटं नाचायचंय. शिवाय ती खोली बाथरूमला लागून आहे, म्हणजे तिचीही सोयच.
ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, पूर्ण वाढवला. तरी गोधडीतून ऐकल्यासारखं.
बायको, वर्षाराणी, पतसंस्थेतल्या कामावरून आली ती दोन्ही कानांवर हात ठेवून. म्हणे दात शिवशिवतात. म्हणे खालच्या मजल्यावरच्या इफ्फतभाभी जिन्यात भेटल्या आणि मिक्सर दुरुस्त करताय का म्हणून विचारत होत्या. म्हणे तुमचे कान दाखवून घ्या. मी म्हणालो, तुझे दाखव. जेवताना कोणीच काही बोललं नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
लाइनवर वाईट प्रकार. रणजीत धावत आला, म्हणाला मधली प्रेस वेगळी वाजतेय, कुईं करतेय, बंद करू. मी जवळ जाऊन कान दिला. नेहमीचा दणका. म्हणालो, काही नाही, चालू दे, आधीच माल कमी निघालाय.
जरा वेळाने पत्र्याला भोक पाडणारा पंच तुटला. तुकडा गार्डच्या जाळीत घुसला. जाळीपलीकडे ऑपरेटर ज्ञानदेव उभा होता. जाळी टिकली.
साहेबांनी विचारलं, ऐकू आलं नाही का? मी म्हणालो, शेजारी कंप्रेसर चालू होता ना साहेब. रणजीतने नंतर बाजूला घेतलं. कंप्रेसर सकाळपासून बंद होता, म्हणाला. हळू बोलला. ओठांवरून कळलं.
आज अक्षर वाकडं आलंय. थंडीचे दिवस आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ.
खरी गोची सापडली. नॉइज फ्लोअर! मागची शांतता स्वच्छ नसेल तर बारीक आवाज तिच्यात बुडतात. इतके दिवस मी गाणं तपासत होतो, तपासायला हवी होती शांतता.
फ्रिज बंद. पंखा बंद. खिडक्या बंद. मोबाइल सायलेंट. अँप्लिफायर चालू, गाणं बंद. वर्षाराणी कामावर, आई आंघोळीला. आता डोळे मिटून नुसतं ऐकायचं.

थोड्या वेळाने.
अप्रतिम. हिस नाही, गुणगुण नाही. काळीकुट्ट शांतता. सिस्टिम निर्दोष आहे. अजून एकदा ऐकतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
आई बाथरूममध्ये घसरून पडली. मनगट मोडलं, खुब्याला मुका मार. एक्स-रे झाले, प्लास्टर झालं. आता झोपलीय.
हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.
आईच्या हाका इफ्फतभाभींना खाली डक्टमधून ऐकू आल्या. त्या वर आल्या, बेल वाजवली, दार बडवलं, मला फोन लावले. मग वर्षाराणीला लावला. ती रिक्षाने आली आणि किल्लीने दार उघडलं. मी सोफ्यावर डोळे मिटून बसलो होतो. पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली म्हणून डोळे उघडले. समोर वर्षाराणी.
मी ओठांवर बोट ठेवलं. शू म्हणालो.
तिचं तोंड उघडं होतं, म्हणजे ती काहीतरी म्हणत असणार. मग मला ओलांडून आत पळाली.
आई ओल्या फरशीवर कुडकुडत होती. भाभींनी अंगावर स्वतःची ओढणी टाकली. मला बघून आई म्हणाली, मी हाकच न्हाई मारली रं. म्हनलं तू कामात हायस.
भाभींनी माझ्याकडे बघितलं.
बाथरूमचं दार जाड आहे. मधे पॅसेज आहे. अशा रचनेत आवाज हॉलपर्यंत पोचणं तांत्रिकदृष्ट्या अवघडच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
कानतपासणी. वर्षाराणीने रणजीतला सांगून ठेवलं होतं, तो गेटपासून माझा दंड सोडेना. अर्जंट कामाची जुळवाजुळव करायला वेळच मिळाला नाही.
तपासणीची केबिन मात्र बघण्यासारखी. भिंतींना फोम, दाराला जाड रबर. घरी अशी एक खोली हवी. पुनम नावाच्या मुलीने हेडफोन लावले आणि म्हणाली, कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबा. आधी जाडे आवाज आले, दाबलं. मग तिने बहुतेक ब्रेक घेतला. मी थांबलो. काचेतून तिच्याकडे बघून हसलो. ती हसली नाही. खाली बघत कळा दाबत होती. मी थांबलो.
मग दार उघडून म्हणाली, झालं काका.
मी विचारलं, दुसरा भाग कधी सुरू करणार? म्हणाली, तो पण झाला.
कागदावर एक रेघ. सुरुवातीला सपाट, पुढे घाट उतरल्यासारखी खाली. मी मशीनच्या कॅलिब्रेशनची तारीख विचारली. तिने स्टिकर दाखवलं. ताजं होतं. मी हेडफोनच्या दर्जाबद्दल दोन शब्द सांगितले. ती मान खाली घालून काहीतरी म्हणाली. मी पुन्हा विचारलं. या वेळी बाहेरच्या रांगेलाही ऐकू गेलं असेल. गेलेलं परत येत नाही काका, उरलेलं सांभाळा.
रांगेत ज्ञानदेव उभा होता. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
लाइनवरून काढून स्टोअरला टाकलंय. तात्पुरतं. तात्पुरतं हा शब्द माझा आहे, साहेबांनी वापरला नाही.
आज दोन्ही कानांत मशीन बसवलं. वर्षाराणी शेजारी बसून होती, खुर्ची दाराला लावून. आनंदाची गोष्ट म्हणजे मशीनला ब्लूटूथ आहे. गाणं थेट कानात! डॉक्टरांना विचारलं, लॉसलेस झेपेल का? ते म्हणाले, हे बोलणं ऐकण्यासाठी आहे, गाणं पत्र्यासारखं वाटेल. घरी येऊन स्पीकरवर लावणी लावली. घुंगरू आले. स्टीलचे चमचे सांडल्यासारखे. पण आले.
ट्रेबल मधोमध आणला. वर्षाराणी दारात थांबून थोडा वेळ ऐकत होती. म्हणाली, असं ठीक आहे. तिचा आवाज इतका बारीक आहे हे विसरलोच होतो.
पुढची योजना: मशीनच्या सेटिंगचा नीट अभ्यास करायचा. डॉक्टरांना त्यातलं फारसं कळत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
सेटिंगचा अभ्यास चालू. हॉलमध्ये बसून मोबाइलवर एकेक पट्टी वरखाली करत होतो. गाणं बंद होतं.
इफ्फतभाभी आईसाठी शिरा घेऊन आल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. मी ऐकत नव्हतो. मशीन ऐकत होतं. आई म्हणाली, लई हाका मारल्या गं. पार घसा बसला. त्याचा बा गेला तवा बी येवढी वरडले न्हवते. मग म्हणाली, पन त्याला नका सांगू कुनी.
भाभी म्हणाल्या, नाही सांगत आजी.
आई म्हणाली, हळू बोल. आता त्याला ऐकू येतं.
मी मशीन काढून डबीत ठेवलं. वर्षाराणीने विचारलं तर चार्जिंगला लावलंय म्हणून सांगायचं ठरवलं. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली रिक्षा, पोरं, भाजीवाला, सगळे नुसते हलत होते.
वर्षाराणी आली. काही विचारलं नाही. डबी हातात दिली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.
मशीन लावलं. आई चहासाठी मला हाक मारत होती. कितवी ते माहीत नाही.