तुझी बाहेरच्या खोलीतली मुलं

आई,

परवा एका बाईच्या तोंडून तुझं वाक्य ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्या पेशंटांवर जळायची माझी सवय काही गेलेली नाही. पंचेचाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, हडपसरच्या कंपनीत हाताखाली चांगली मोठी टीम आहे, आणि मी जळतो कोणावर, तर शाळकरी पोरांवर. हस खुशाल. तुला हसू आलं की तू आधी चष्मा काढून पुसायचीस, म्हणजे समोरच्याला कळू नये.

बिबवेवाडीच्या आपल्या फ्लॅटमधली बाहेरची खोली आठवते ना? लोकांच्या घरात तिथे सोफा असतो. आपल्याकडे वाळूचा ट्रे होता, लाकडी ठोकळे होते, आईबाप आणि आजीआजोबांच्या कापडी बाहुल्या होत्या आणि एक निळी आगगाडी होती. शाळा सुटली की ती खोली तुझ्या मुलांची व्हायची. कोणी शाळेत तोंडच उघडत नसे, कोणी झोपेत अंथरूण ओलं करी, कोणी स्वतःच्या भुवया उपटी. मुलांची मानसतज्ज्ञ म्हणजे काय, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की त्यांच्यासाठी तू जमिनीवर मांडी घालून बसतेस आणि माझ्या वाट्याला ओट्याकडे तोंड केलेली तुझी पाठ येते. तळमजला होता म्हणून बरं, मी मागच्या दाराने घरात शिरायचो. स्वतःच्या घरात, मागच्या दाराने! टीव्ही लावायचा नाही, पाय आपटायचे नाहीत, आणि "दाराला कान लावलास तर बघ." लावायचोच मी कान. आतून तुझा आवाज यायचा, "घाई नाही हं. घड्याळ माझ्याकडे आहे, तू नको बघूस." मला मात्र सकाळी बुटाची नाडी बांधायलासुद्धा कधी वेळ दिला नाहीस. एकदा ती निळी आगगाडी मी पांघरुणात घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी कोणा मुलाला ती सापडेना आणि तो रडून रडून लाल झाला. तू माझ्यासमोर उभी राहिलीस आणि आवाज जराही न चढवता म्हणालीस, "ती कामाची खेळणी आहेत. तुझी नाहीत." पुढच्या आठवड्यात तू लक्ष्मी रोडवरून माझ्यासाठी नवी आगगाडी आणलीस, सेलवर चालणारी, शिट्टी वाजवणारी. मी तिला हात लावला नाही. तू म्हणालीस, "फार लाडावलायस." अगं, लाडावलेला असतो तर हवं काय होतं!

तुझा एक नियम होता. रस्त्यात पेशंट दिसला तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच दाखवायची, आणि तीही तो दाखवेल तेवढीच. एका रविवारी आपण दोघं कात्रजला सर्पोद्यान बघायला गेलो होतो. किती दिवस मागे लागलो होतो मी. अजगरापाशी पोचतोय तोच दोन वेण्यांची एक मुलगी धावत आली आणि तिने तुझ्या कमरेला मिठी मारली. तू मला म्हणालीस, "पुढे हो, मी आलेच." मी पुढे होऊन मगरीकडे बघत उभा आहे. मगर हलत नाहीये. मी मागे वळून बघतो तर तू साडीसकट उकिडवी बसून त्या मुलीचं बोलणं ऐकतेयस, जगात दुसरं कोणी नसल्यासारखी. बऱ्याच वेळाने आलीस तेव्हा मी विचारलं, "कोण होती ती?" तू म्हणालीस, "कोणी नाही." कोणी नाही म्हणे! त्या दिवशी मी सापांकडे बघितलंच नाही.

मग माझी अकरावी आली. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, आणि तुझ्याकडे गळ्यात घराची किल्ली अडकवलेली मुलं येऊ लागली होती, आईबाप दोघंही नोकरीला. तुझ्या भाषेत 'बिचारी'. माझ्या कॉलेजात काही पोरं मला 'कोट्यातला' म्हणायची. मार्क त्यांच्यापेक्षा जास्त होते माझे, तरी. प्रॅक्टिकलला कोणी पार्टनर होत नसे. तू आणि बाबांनी मला मान वर करून चालायला शिकवलं होतं, म्हणून घरी सांगायची लाज वाटायची. मी नुसता स्वयंपाकघरात येऊन बसायचो. वाटायचं, ही बाई भुवई नसलेल्या पोराच्या मनातलं ओळखते, तिला माझं तोंड दिसत नसेल? तू विचारायचीस, "अजून एक पोळी वाढू?" रोज तेच. शेवटी एक दिवस मी म्हणालो, "आई, मला तुझी अपॉइंटमेंट दे." तू लाटणं थांबवलंस. माझ्याकडे बघितलंस, आणि मला क्षणभर वाटलं की झालं, आता बसते ही जमिनीवर. तर म्हणालीस, "आपल्या माणसांना आपण बघायचं नसतं रे. हवं तर माझ्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, त्यांना सांगते. फार चांगल्या आहेत." मी म्हणालो, "राहू दे. पोळी वाढ." मग तो विषय आपल्या घरात पुन्हा निघाला नाही. इंजिनिअर झालो, नोकरी लागली, परदेशी जाऊन आलो, आणि ते सगळं आत तसंच राहिलं.

तू गेलीस त्यानंतर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरून गेला होता. नातेवाईक पुढे होते. मागे भिंतीलगत बरीच तरुण मुलंमुली उभी होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, कोण कुठून आलं ते कोणी सांगत नव्हतं. मावशीने विचारलं, "ही कोण रे सगळी?" मी म्हणालो, "कोणी नाही." वंदना चालू असताना त्यातली एक बाई तोंडात पदराचा बोळा कोंबून रडत होती. मला रडू येत नव्हतं. मनात म्हटलं, घ्या, इथेही पहिला नंबर यांचाच.

आता परवाचं. तुझी नात नववीत आहे. तू तिला बघितलं नाहीस. गेल्या दिवाळीपासून ती खोलीचं दार लावून बसते, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं म्हणते. बायको मला म्हणायची, "अहो, तुम्ही तरी बोला तिच्याशी." मी म्हणायचो, "बोलेल ती तिची. मागे नको लागू." हे शहाणपण मी कुठून उचललं ते तुला सांगायला नको. शेवटी बायकोनेच हडपसरच्या एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली आणि परवा लेकीला घेऊन मी गेलो. लेक आत, मी बाहेर. आणि या वयात मी काय केलं असेल? दाराला कान लावला. आतून आवाज आला, "घाई नाही हं. घड्याळ माझ्याकडे आहे, तू नको बघूस."

लेक हात धुवायला गेली तेव्हा मी त्या बाईंना गाठलं. "मॅडम, हे घड्याळाचं वाक्य कुठून उचललंत?" असंच विचारलं, इतकं तिरकं. त्या शांतपणे म्हणाल्या, "लहानपणी मी एका बाईंकडे जायचे, बिबवेवाडीला. त्यांचं आहे."

"त्या माझी आई होत्या."

"माहितीये मला. तुमचं आडनाव वाचलं तेव्हाच कळलं. पण ओळख तुम्ही दाखवायची. त्यांचाच नियम." मग म्हणाल्या, "मला तुमचा फार हेवा वाटायचा हो. आम्हाला त्या आठवड्यातून एकदा, तुम्हाला रोज. एकदा मी त्यांना विचारलंसुद्धा, तुम्ही तुमच्या मुलालाही असंच सगळं विचारता का?"

"मग?"

"म्हणाल्या, नाही विचारत. म्हणाल्या, त्याला घरी तज्ज्ञ नको, नुसती आई असू दे. एक तरी जागा असावी जिथे कोणी त्याला उकरत नाही."

आई, मला तिथेच खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. अगं, हे मला सांगायचंस ना! माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दुसऱ्याच्या मुलीला देऊन बसलीस! मी पोळ्या मोजून खात होतो आणि तू मला न विचारून माया करत होतीस. कळणार कसं मला? साऱ्या पुण्याच्या पोरांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावलास, आणि पोटचा मुलगा अपॉइंटमेंट मागतो म्हणजे काय मागतो, एवढं तुला समजू नये? त्या बाईंनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाल्या, "त्या खूप मोठ्या होत्या, पण मला वाटतं, इथे त्यांचं चुकलं. तुम्ही विचारा मुलीला. ती वाट बघतेय."

गाडीत बसलो. मगरपट्ट्याचा सिग्नल सुटेना. मी म्हणालो, "काय झालंय गं बाळा?" "काही नाही, बाबा." "मला खरंच हवंय ऐकायला. आज मीटिंगबिटिंग काही नाही." ती खिडकीबाहेर बघत राहिली. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि ती म्हणाली, "बाबा, मी डबा टॉयलेटमध्ये बसून खाते." मी गाडी कडेला घेतली. मग तिने सगळं सांगितलं, कोणी तिला ग्रुपमधून काढलं, कोण तिच्या शेजारी बसत नाही, कोण तिच्या चालण्याची नक्कल करतं. मी मध्ये बोललो नाही, उपाय सुचवले नाहीत, आणि प्रोजेक्ट मॅनेजरला हे किती जड जातं ते तुला कळायचं नाही. ऐकता ऐकता मला जो हुंदका फुटला तो थांबेचना. इंजिन चालू, मी स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं, आणि ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणतेय, "बाबा, इट्स ओके. आता एवढं नाही वाटत मला."

हे पत्र तुझ्याकडे पोचायचं नाही आणि मी ते घरात कोणाला दाखवणारही नाही, म्हणून लिहितो. ते रडू तिच्यासाठी नव्हतं. तिच्या बापाने तिला विचारलं, गाडी बाजूला घेऊन ऐकलं, आणि मला तिचा इतका हेवा वाटला की सहन होईना. तिला वाटलं, बाबा माझ्यासाठी रडतोय. मी तसंच वाटू दिलं.