सासरेबुवांची काडतुसं

कोल्ड फोर्क, मोंटाना
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय मेहुणेबुवा गेलन यांस वेंडेलचा नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची रीत आहे, म्हणून विचारतो. गेल्या नाताळात बाबांनी तुला पाठवलेलं काडतुसांचं खोकं तू उघडलंस का? उघडलं नसशील तर तू खुशाल आहेस, तुझे डोळे आणि बोटं जागच्या जागी आहेत, असं धरून पुढे लिहितो. उघडलं असशील, तर हे पत्र बहुधा तुझी बायको मार्गिट वाचत असेल. मार्गिट, तुलाही नमस्कार, आणि उरलेलं खोकं आधी कुलपात ठेव, मग खाली बसून वाच. गेलन, त्यातलं एकही काडतूस रायफलीत घालायचं नाही. कुणाला उसनं द्यायचं नाही, शेजाऱ्याला तर नाहीच, मग तो कितीही त्रासदायक असो. हे सांगायला मी फोनच करणार होतो. पण मी फोन केला की तू नेमका अंघोळीला गेलेला असतोस. एवढा स्वच्छ माणूस अख्ख्या स्पोकेनमध्ये दुसरा नसेल. पत्राला अंघोळीचं कारण सांगता येत नाही, म्हणून पत्र.

इकडे सगळं ठीक. आर्लिसचा गुडघा दुखतो, पण तुझी बहीण चालते. बेकरी चालू आहे, लोक अजून पाव खातात. बाबांचं म्हणशील तर भूक चांगली, झोप चांगली, आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत. फक्त विसरतात. चष्मा विसरतात, शेगडी विसरतात, आई गेल्या आहेत हे विसरतात. (हे शेवटचं रोज नाही, अधूनमधून. मग कुणीतरी सांगावं लागतं. ते काम आर्लिस करते. मी त्या वेळी अंगणात लाकडं फोडायला जातो. यंदा आमच्याकडे दोन हिवाळे पुरतील एवढी लाकडं फुटली आहेत.) डॉक्टरांनी पिकअपच्या किल्ल्या मागितल्या, त्या त्यांनी मुकाट्याने दिल्या. मी रणकंदनाची तयारी ठेवली होती. नुसत्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मला म्हणाले, "तेल बदलायला झालंय." मला ते फार लागलं. आता त्यांच्याकडे उरलंय ते तळघर, आणि तळघरातलं ते काडतुसं भरायचं टेबल.

त्या टेबलाचं तुला काय सांगायचं, तुझं बालपण त्याच्याखाली गेलं. माझं नाही गेलं. मी बेकरीतला माणूस. माझ्या धंद्यात माप चुकलं तर पाव बसतो, माणूस नाही. लग्नात लोकांनी आम्हाला सुऱ्या-काटे दिले, चादरी दिल्या, आणि सासरेबुवांनी दिलं काडतुसांचं एक खोकं, वर चिकटपट्टीवर माझं नाव. मला आधी धमकीच वाटली. मग आर्लिसने सांगितलं की हा मान आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत कधी घालायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम, आणि या घराला तेवढी एक सूट, की बाबांनी भरलेलं चालतं. (बाबा स्वतः मात्र जन्मात दुसऱ्या कुणाचं घालणार नाहीत. त्यांच्याकडून तशी सूट मिळणारा माणूस अजून जन्माला यायचाय.) दरवर्षी एल्क हरणांच्या शिकारीआधी प्रत्येकाच्या नावाचं खोकं, त्याच्या त्याच्या रायफलीला मानवेल असं. बंदुकीची दारू किती, गोळी पितळी पुंगळीत किती खोल, सगळं त्या एका रायफलीपुरतं. आणि अशा घरात तू तीन वर्षांपूर्वी शिकारीच्या तळावर दुकानातून विकत आणलेली काडतुसं घेऊन आलास. आईने जेवायला बोलवावं आणि आपण येताना पिझ्झा आणावा, तशातली गत. तुझं म्हणणं बरोबर होतं, की काम चोख होतं मग झालं. त्यांचंही बरोबर होतं. मधल्या मध्ये पोटभर शिव्या खाल्ल्या मी, कारण बाबांचं बोलणं ऐकून तू निघून गेलास तो गेलासच, आणि मी तिथेच होतो.

आता मूळ गोष्ट. मे महिन्यात आर्लिस आणि मी खडीच्या खाणीवर तिच्या रायफलीची नेम-तपासणी करायला गेलो. खोकं बाबांचंच, नवं. पहिलं काडतूस झकास. दुसऱ्याला चाप ओढला तर आवाज आला 'फुस', सोड्याची बाटली उघडल्यासारखा, आणि खांद्याला धक्का नाही. मी हसलो. (मी अशा वेळी हसतो. आर्लिसशी लग्न लागतानाही हसलो होतो.) मी म्हणालो, ते फुकट गेलं, दुसरं घाल. आर्लिसने रायफल खाली ठेवली, नळीमागचा बोल्ट काढला आणि नळी डोळ्याला लावून वर धरली. लहानपणी बाबांनी शिकवलेलं होतं, आवाज लहान आला तर हात आवर आणि नळीतून आकाश दिसतं का बघ. आकाश दिसलं नाही. गोळी नळीत मध्येच अडकून बसली होती, कारण पुंगळीत दारूच नव्हती, चाप ओढल्यावर बुडाची टोपी पेटते, नुसत्या तिच्या ठिणगीने गोळी तेवढी सरकली होती. तिने माझं ऐकून दुसरं घातलं असतं तर नळी तिच्या तोंडापुढे फुटली असती. घरी आल्यावर ती म्हणाली, बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये.

मी दुसऱ्या दिवशी दालचिनीचे रोल घेऊन तळघरात गेलो. बाबा शीळ घालत काम करत होते. टेबलावर दारूचे दोन डबे उघडे होते. गेलन, तुला हे वाचूनच घाम फुटला असेल. टेबलावर एका वेळी एकच डबा, हे त्यांनी तुला चालायच्या आधी शिकवलं असेल. दोन दारू दिसायला सारख्या, आणि एकीचं माप दुसरीला लावलं तर रायफलीचा बॉम्ब होतो. मी म्हणालो, "बाबा, हे दोन डबे?" त्यांनी डब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "कुठल्या गाढवाने ठेवले?" मी म्हणालो, मीच ठेवले असतील. मग त्यांनी त्या गाढवाला अर्धा तास झापलं. काय सुंदर झापलं म्हणून सांगू, एकही मुद्दा सुटला नाही.

मग प्रश्न असा पडला की हे थांबवायचं कसं. किल्ल्यांसारखं टेबलही मागता आलं असतं, आणि त्यांनी मुकाट्याने दिलंही असतं. तीच आर्लिसला भीती होती. टेबल गेल्यावर तो माणूस सकाळी कशासाठी उठेल? म्हणून असं ठरलं की बाबांनी भरायचं, मी ती खोकी 'ज्याची त्याला पोहोचवायला' म्हणून घरी न्यायची, एकेक काडतूस फोडायचं, आणि नव्याने भरून त्याच खोक्यात, त्याच चिकटपट्टीखाली ठेवायचं. कल्पना आर्लिसची, हात माझे. फोडायला एक पोकळ हातोडा मिळतो, त्यात काडतूस उलटं घालून ठोकलं की गोळी आणि दारू बाहेर पडते. मी दुपारभर गॅरेजमध्ये ठोकत बसतो. निघालेली दारू अंगणात पसरतो, ती गवताला मानवते. आमचं गवत यंदा इतकं माजलंय की शेजारचा ऑर्डेल कुंपणावरून विचारत होता, काय घालतोस रे? मी म्हणालो, म्हाताऱ्याची मेहनत.

पण भरायचं शिकायचं कुणाकडून? या गावात तुझ्या बापाखेरीज विचारण्यासारखा माणूस नाही. तेव्हा फसवायला लागणारी विद्या मी ज्याला फसवायचं त्याच्याकडेच शिकायला गेलो. बाबांना एवढा आनंद झाला की मला तोंड लपवावंसं वाटलं. मी पहिल्याच दिवशी पुंगळीला तेलाचं बोट लावायला विसरलो आणि ती परत आकारात आणणाऱ्या साच्यात अशी रुतली की करवतीने कापावी लागली. ठिणगीच्या टोप्यांची डबी मी गालिच्यावर सांडली आणि आर्लिसने तिथे व्हॅक्यूम फिरवला. टोप्या आत फुटल्या; व्हॅक्यूम आता दोन तुकड्यांत आहे, आर्लिस एकाच तुकड्यात आहे, पण माझ्याशी चार दिवस बोलली नाही. माझ्या पहिल्या काडतुसांनी निशाणाच्या कागदाला हातही लावला नाही, सरळ मागच्या ढिगाऱ्यात गेली. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसायचे. "पीठ मळतोयस का? मोज. परत मोज. खालच्या मापाने सुरू कर, हळूहळू चढ, रायफल कुरकुरली की उतर. ओळीतल्या प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघ, मगच गोळी लाव." एक नियम चुकला नाही त्यांचा. घरातल्या प्रत्येक रायफलीचं माप दशांशासकट तोंडपाठ. (मी प्रत्येक आकडा छापील पुस्तकात ताडून बघतो. अजून एकही चुकलेला नाही.) आणि मग स्वतः भरायला बसायचे, काम अर्ध्यावर आलं की वर कुत्रं भुंकायचं, ते मान वर करायचे, आणि परत खाली बघेपर्यंत दारू घातली की नाही हे डोक्यातून गेलेलं असायचं. बॅटरी मारायचे, रिकाम्या पुंगळीत बघायचे, 'ठीक' म्हणायचे आणि गोळी बसवायचे. मी शेजारी बसून हे बघायचो आणि 'वा' म्हणायचो. आयुष्यात मी फार खोटं बोललोय, पण इतकं जड काही उचललेलं आठवत नाही.

उन्हाळा असा गेला. खोकी आली, मी फोडली, भरली, वाटली. बाबांच्या स्वतःच्या रायफलीचं खोकंसुद्धा मी बदललं. त्यातल्या एका काडतुसात दारू नव्हती आणि एकात भलतीच होती, म्हणून तुला आत्ता नाताळच्या खोक्याबद्दल विचारतोय.

गेल्या आठवड्यात शिकारीच्या आधीची नेम-तपासणी करायला त्यांना खाणीवर घेऊन गेलो. वारा नव्हता. त्यांनी रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवली, तीन गोळ्या झाडल्या, आणि हात अजून किती स्थिर आहे ते बघून मला हेवा वाटला. मी निशाणाचा कागद आणून दिला. तिन्ही भोकं एकमेकांत गेलेली, वर एक बिस्कीट ठेवलं असतं तर झाकली असती. मी म्हणालो, "वा बाबा, जमलंय." आणि या वेळी मी खोटं बोलत नव्हतो. बाबांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि त्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ही मी भरलेली नाहीत."

मी म्हणालो, असं कसं, तुमच्याच तर खोक्यातली आहेत.

"मला हल्ली एवढं चांगलं जमत नाही," ते म्हणाले.

मग विचारलं, कधीपासून. मी सांगितलं, आर्लिसच्या नळीत गोळी अडकली तेव्हापासून. त्यांनी विचारलं, तिला लागलं का. मी म्हणालो, नाही, तिने आधी आकाश बघितलं. त्यांनी मान हलवली. "मी शिकवलं होतं तिला," म्हणाले. मला वाटलं आता उठतील, चिडतील, पायी घरी निघतील, आणि मला गाडी मागे मागे न्यावी लागेल. त्यांनी रायफलीचा बोल्ट उघडला आणि समोर बघत, माझ्याकडे न बघता, तळहात पुढे केला.

"आण अजून एक."

मी त्यांच्या हातावर माझं काडतूस ठेवलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही, सरळ आत सारलं.

तुझा,
वेंडेल

ता. क. तळघराची किल्ली आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी भरतो, ते खुर्चीत बसून झापतात. सगळ्यांची खोकी झाली, तुझं राहिलंय. पण परक्या रायफलीचं माप असं वाऱ्यावर घेता येत नाही, ती स्वतः टेबलावर लागते, हे तुला माहीत आहे. तेव्हा शिकार सुरू व्हायच्या आधी रायफल घेऊन ये. नाताळचं खोकंही आण, माझ्या गवताला लागेल.

ता. क. २. रायफलीचं मी खोटं लिहिलं. तुझ्या रायफलीचं माप बाबा रोज म्हणून दाखवतात, सगळ्यात आधी तेच. तू नुसता ये. दुकानातली काडतुसं घेऊन आलास तरी चालेल, मी त्यांना सांगून ठेवतो.

ता. क. ३. आणि फार उशीर करू नकोस. आज सकाळी टेबलाशी त्यांनी मला गेलन म्हणून हाक मारली. म्हणाले, गेलन, त्या वेळी मी उगाच बोललो. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मी ओ दिली.