शेंदराखालचा मैल

११ जाने., रविवार
सकाळी सोपानकाका गुरव धापा टाकत आले. रस्त्याकडेच्या मारुतीचा शेंदूर गळून पडला. अख्खं कवचच. मी धावत गेले. आत मारुती नाही. चौकोनी दगड, इंग्रजी अक्षरांत इगतपुरी, खाली मैलांचा आकडा. जुन्या आग्रा रोडचा दगड!
काका म्हणाले, "बाई, कोनाला सांगू नका. म्या आजच नवा शेंदूर चढवतो." तोवर मी मोबाइलवर फोटो काढला होता. मास्तरकीची खोड, दुसरं काय.

१२ जाने.
डोळ्याला डोळा लागला नाही. माझा निखिल नाशिकला व्हेंटिलेटरवर होता तेव्हा ह्या मारुतीपुढेच नवस बोलले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते. पोरगं वाचलं. मग मी बोलले ते ऐकलं कोणी?

१५ जाने.
बौद्ध वस्तीची पाण्याची टाकी मारुतीच्या जागीच व्हायची आहे. एवढी उंच जागा दुसरी नाही. गावातले म्हणतात, पुरातन देवस्थान, दगड हलणार नाही. वस्तीतल्या बायका डोक्यावर पाणी वाहतात. माझ्या शाळेतली शालनसुद्धा, शाळेत शिकवायला यायच्या आधी. तिला फोटो दाखवला.
"मॅडम, सभेत दाखवाल? मी दाखवला तर भांडण होईल. तुम्ही दाखवला तर पुरावा."
लागलं मनाला. हो म्हटलं.
निखिल फोनवर : "आई, नवस फेडलास ना? विषय संपला." संपला म्हणे!

२६ जाने.
झेंडावंदनानंतर ग्रामसभा. फोटो दाखवला. मग मागून आवाज, "मोबाइलवर आजकाल काय बी बनवता येतं." सोपानकाकांना विचारलं, तुम्ही पाहिलंत ना? खाली बघत म्हणाले, "मला काय आठवत नाय." रागही येईना. त्यांचं पोट त्यावर.
सरपंच म्हणाले, जागेवरच बघू. सगळा गाव तिथे. शेंदूर ओला, लालभडक. "बोला बाई, खरवडायचा का?"
खरवडा म्हणायला पुढे झाले, आणि चपला काढल्या.
कळलंच नाही मला. हशा पिकला तेव्हा पाय दिसले. टाकीचा ठराव पुढच्या सभेवर.

२७ जाने.
माझ्या अनवाणी पायांचा व्हिडिओ गावभर. खाली लिहिलंय, ‘हा घ्या पुरावा’. शालनने मधल्या सुट्टीत डबा वेगळा खाल्ला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१ फेब्रु., रविवार
निखिल सुट्टीला आलाय. संध्याकाळी शालन आली. बसली नाही.
"पुढच्या सभेत बोलाल?"
"बोलेन."
"मग आधी मला सांगा. तुमच्यासाठी तो देव आहे का दगड?"
दगड. एवढंच तर म्हणायचं होतं. तेवढ्यात निखिल खोकला. साधा, थंडीतला खोकला.
शालन उंबऱ्यात उभी. ती माझ्याकडे बघतेय, मी निखिलकडे.