भोंगा गप्प आहे

८ मार्च १९९४, मंगळवार

आज बिजलीबाई मरता मरता वाचली.

शिंदखेड्याच्या मिरचीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये आमचं ऑफिस कॉम्प्युटर बसवतंय. तिथे गारव्यासाठी नळ्यांतून अमोनिया फिरतो. तो गळला तर माणूस गुदमरतं. म्हणून भिंतीवर वायू मोजणारा काटा. वायू वाढला की प्रोग्रॅमने व्हॉल्व्ह बंद करायचा आणि भोंगा वाजवायचा. प्रोग्रॅम माझा. आणि तिथल्या इंजिनरूममध्ये ऑपरेटर कोण? माझेच वडील, नाना! म्हणून तर काम मला दिलं.

पण तपासायचं कसं? आमचे मालक रुपचंदभाऊ म्हणाले, "त्यात काय? थोडा वायू सोडू. भोंगा वाजला की बंद करू." सोडला. भोंगा वाजलाच नाही! मी कीबोर्ड बडवत बसले, आणि पोती रचणारी बिजलीबाई मागच्या दाराशी होती हे कुणाच्या ध्यानातच नाही. नानांनी तिला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. डोळ्यांतून धारा, तोंडाला फेस. पाणी मारमार मारलं तेव्हा कुठे बोलली.

धुळ्याला परतताना रुपचंदभाऊ जीपमध्ये म्हणतात, "चूक शोध. पुढच्या आठवड्यात पुन्हा वायू सोडून बघू."

पुन्हा!!

९ मार्च

बिजलीबाईच्या जागी नाना असते तर?

११ मार्च, शुक्रवार

ठरलं. वायू न सोडता तपासायचं.

प्रोग्रॅम काट्याला विचारतो, "वायू किती?" त्याला कुठे दिसतंय समोर कोण बसलंय! मी खऱ्या काट्याच्या जागी एक लबाड बसवला. प्रोग्रॅमच्याच पोटात, दहा ओळींचा. मी शिकवेन तेच बोलतो. पाच म्हण म्हटलं की पाच, नव्वद म्हण म्हटलं की नव्वद. धुळ्यातल्या टेबलावर बसून हवी तेवढी गळती करा, कुणाला ठसकासुद्धा लागणार नाही.

नाव ठेवलं — सोंग. गावाकडे सोंगं काढतात तसं. बाहेरून राक्षस, आतून शेजारचा शिंपी.

१५ मार्च, मंगळवार

काट्याचं सोंग झालं तर व्हॉल्व्हचं हवं. ते झालं तर भोंग्याचं. दर तपासणीला तेच तेच पुन्हा लिहा, वैताग आला! म्हणून आता एकच साचा करतेय. त्याला फक्त सांगायचं — कुणाचं सोंग घ्यायचं, विचारलं की काय बोलायचं, आणि कुणी किती वेळा हाक मारली ते ध्यानात ठेवायचं. शेवटी साचा स्वतःच पडताळतो. भोंग्याला हाक मारलीच नाही? पडद्यावर लगेच बोंब!

रुपचंदभाऊ मागे येऊन उभे. "हे गिऱ्हाइकाला द्यायचंय का?"

नाही म्हटलं.

"मग कशाला कुटत बसलीस?"

बिजलीबाईच्या तोंडाचा फेस मला दिसतो, त्यांना दिसत नाही. मान खाली घालून कुटत बसले.

१८ मार्च

सापडलं! सापडलं!!

व्हॉल्व्हच्या सोंगाला सांगितलं, आज मुकाच राहा. झालं, प्रोग्रॅम जागीच थिजला. माझा शहाणा प्रोग्रॅम आधी व्हॉल्व्ह बंद करतो, आणि तो "झालो बंद" म्हणेपर्यंत वाट बघत बसतो. भोंगा त्याच्या नंतर. व्हॉल्व्ह अडकला की भोंगाही गेला! त्या दिवशी हेच झालं असणार. बिजलीबाई गुदमरत होती आणि माझा प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत होता.

आता आधी भोंगा, मग व्हॉल्व्ह. आणि उत्तर आलं नाही तर भोंगा वाजतच राहणार. साच्यालाही हाच क्रम शिकवला. चुकला की बोंब.

२० मार्च, रविवार. शिंदखेडा

सगळ्या तपासण्या पास झाल्या. म्हणूनच सुटीला घरी येऊनही चैन नाही.

सोंग मी शिकवलं तेवढंच बोलतं. खरा काटा माझ्या शाळेत थोडाच शिकलाय! उंदराने तार कुरतडली तर तो काय म्हणेल? शून्य. आणि शून्य म्हणजे हवा स्वच्छ, असं मीच लिहिलंय! सोमवारी आधी ते बदलायचं. पण हे एक सुचलं. जे सुचलंच नाही त्याचं काय?

आणखी एक डोक्यातून जात नाही. भोंग्याला हाक मारली एवढंच साच्याला कळतं. तो खरंच वाजला का, आणि वाजला तर माणसं पळाली का, हे त्याला कुठून कळणार? माय म्हणते, "काय चेहरा करी बठनी?" काय सांगू तिला!

२६ मार्च, शनिवार

प्रोग्रॅम बसवला एकदाचा.

खरी फ्लॉपी काळी, सोंगांची निळी. वायरी जोडायच्या होत्या तोवर मॅनेजर गिरधरभाऊंना पडदा बघायची घाई, म्हणून निळी लावून दाखवली. नाना लांबून बघत होते, कौतुक तोंडावर मावत नव्हतं. त्यांना समजावलं — ही निळी लावली ना नाना, की कॉम्प्युटर भिंतीवरच्या काट्याकडे बघतच नाही. मी शिकवलेले आकडे म्हणत बसतो. सगळं ठीक, सगळं ठीक.

नाना हसले. "भलती गुणी शे मंग!"

मग काळी लावली. निळी तिथेच खणात ठेवली, पुढच्या खेपेला लागेल म्हणून.

२९ मार्च

भोंगा वाजला. सगळे पळाले. वायू कुठेच नाही! लाइट कमी-जास्त झाली की काटा उडी मारतो. हे मला सुचलं नव्हतं.

२ एप्रिल, शनिवार

रोज वाजतोय. बाया पोती टाकून उन्हात पळतात, ट्रक खोळंबतात, हमाल मला बघून तोंडाने भोंगा वाजवतात. गिरधरभाऊ म्हणाले, "ताई, असंच चाललं तर आम्ही धंदा करायचा की नुसतं पळायचं?"

स्टॅबिलायझर लावला तर थांबेल. रुपचंदभाऊ म्हणतात मागवलाय. मग आवाज चढवून, सगळ्यांसमोर म्हणाले, "अठरा तारखेला स्टोअरेजचे डायरेक्टर बघायला येणार. त्यांच्यासमोर हा बोंबलला तर काम गेलं. आणि काम गेलं तर पुष्पा, तुला ठेवणं मला जमायचं नाही."

नाना शेजारीच उभे होते. फडक्याला हात पुसत राहिले. त्यांच्यासमोर बोलायला नको होतं. नोकरी सुटली की मी परत घरी, आणि मायने स्थळं काढून ठेवलीच आहेत. भीती वाटते. कशाची जास्त वाटते तेच कळत नाही.

६ एप्रिल

भोंगा गप्प आहे. देव पावला!

९ एप्रिल, शनिवार

अजून गप्प. रुपचंदभाऊंनी ऑफिसात पेढे वाटले. "बघ, मनावर घेतलं की होतं!"

मी काहीच केलं नाही. स्टॅबिलायझर तर अजून आलाच नाही.

१३ एप्रिल

काल धुळ्यात लाइटने नुसता उच्छाद मांडला होता. गिरधरभाऊंना फोन लावला. "इकडेही तेच. पण तुमचा भोंगा एकदम शहाणा झालाय हो!"

आणि काट्याने एकदाही उडी मारली नाही? कसं शक्य आहे? शनिवारी स्वतः जाऊन बघते.

१६ एप्रिल, शनिवार. शिंदखेडा

एसटीतून उतरले ती तडक स्टोअरेजला गेले. पडद्यासमोर उभी राहिले. चार. चार. पाच. चार. चार. पाच. हे आकडे मी ओळखते. मीच शिकवलेत! मशीनमध्ये निळी फ्लॉपी. इतके दिवस कॉम्प्युटर भिंतीकडे बघतच नव्हता. आत पन्नास माणसं, आणि पडदा म्हणतोय सगळं ठीक.

इंजिनरूममध्ये धावत गेले. "नाना, निळी कुणी लावली?"

तेलाचे हात पुसत नाना म्हणाले, "मीच लाई."

"का?"

"तो भोंगा बठ्ठासले तरास देस. अन् तुन्ही नोकरी जाई ना बेटा."

"सगळ्यांना त्रास होतो म्हणून? आणि तुमचा जीव गेला तर? या बायांचा गेला तर?"

"काही जात नही. इतला वरीस झायात माले आठे. वायू कितलाबी थोडा सुटू दे, मन्हं नाक पहिले सांगस. मी शे ना! भोंगा कसाले जोयजे?" भोंगा हवा कशाला, म्हणे! मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेलकट. "सोमवारना दिन निंघी जाऊ दे. मंग तू म्हनशी तसं."

पडद्याशी परत येऊन मी निळी बाहेर काढली. खणातून काळी घेतली. काळी आत घालायला वाकले. दारातून बिजलीबाई पोतं घेऊन गेली, मला बघून हसली. मी निळी परत आत घातली. मी! नाना पूर्वीही होतेच की, कॉम्प्युटर नव्हता तेव्हा कुणी मेलं का — असं स्वतःला सांगत घरी आले. दोनच दिवस. नाना आहेत. नानांचं नाक आहे.

जेवताना नाना किती खुशीत होते. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

१७ एप्रिल, रविवार

सकाळी दूध करपलं. माय पाण्याला गेलेली, मी अंगणात केस विंचरत होते. तिथपर्यंत वास आला म्हणून धावले. स्टोव्हवर पातेलं जळतंय, आणि त्याला पाठ करून, हातभर अंतरावर नाना दाढी करताहेत.

"नाना, वास नाही आला?"

आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "कसाना वास?"

मी त्यांना डोळे मिटायला लावले आणि घासलेटची बाटली उघडून नाकाखाली धरली. त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हाई काय शे?" म्हणाले.

दोन वाजता त्यांची पाळी. मी आत्ताच काळी लावायला निघते. नोकरी गेली तर जाऊ दे.